चिमट्याची पेटी, सुईणीचा हात आणि यशवंताचा दवाखाना

"आमच्या घरात तीन पिढ्यांपासून डॉक्टरकी आहे" हे वाक्य आपल्याकडे फार अभिमानाने सांगितले जाते. दवाखान्याच्या पाटीवर आजोबा, वडील आणि मुलगा अशी तीन नावे एकाखाली एक असतात. नीटचा निकाल लागला की तेच वाक्य दुसरे कपडे घालून परत येते. "डॉक्टरकी रक्तात असावी लागते, राखीव जागेने ती येत नाही." आपल्या वस्तीतली एखादी मुलगी एमबीबीएसला लागली की तिला हे तोंडावर ऐकवले जाते, आणि कधी कधी तिलाही ते खरे वाटू लागते.

म्हणून या 'रक्ता'ची एकदा ऐतिहासिक तपासणी केली पाहिजे. त्यासाठी मी तीन घरे घेतो. एक लंडनचे, दुसरे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावकुसाबाहेरचे आणि तिसरे पुण्याचे. तिन्ही घरांचा संबंध एकाच कामाशी आहे, बाईला सुखरूप मोकळे करण्याशी.

पहिले घर : पेटीत बंद केलेले ज्ञान

१५६९ साली विल्यम चेंबरलेन नावाचा फ्रेंच प्रोटेस्टंट माणूस धर्मछळाला कंटाळून फ्रान्समधून इंग्लंडला पळून आला. त्याच्या दोन मुलांची नावे एकच होती, पीटर. थोरला पीटर आणि धाकटा पीटर दोघेही शस्त्रवैद्य झाले आणि बाळंतपणाच्या कामात पडले. थोरल्या पीटरने लोखंडी चिमटा तयार केला असे मानले जाते. अडलेल्या बाळाचे डोके धरून त्याला जिवंत बाहेर काढता येईल असे ते साधन होते. त्या काळात मूल अडले की बहुधा आई किंवा बाळ, दोघांपैकी एक जायचे. म्हणजे हा शोध किती मोठा होता ते लक्षात घ्या.

या शोधाचे घराण्याने काय केले? त्यांनी तो लपवला. चिमटा मोठ्या पेटीतून न्यायचा, खोलीतून सगळ्यांना बाहेर काढायचे, बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि मग काम करायचे अशी त्यांची रीत होती असे सांगितले जाते. थोरला पीटर राजघराण्यातल्या बायकांची बाळंतपणे करत होता. धाकट्या पीटरचा मुलगा डॉ. पीटर चेंबरलेन याने १६३४ मध्ये लंडनच्या सुइणींची एक संघटना करून तिचा प्रमुख स्वतः होण्याचा घाट घातला. सुइणी गप्प बसल्या नाहीत. हेस्टर शॉ आणि तिच्या सोबतिणींनी त्याविरुद्ध अर्ज केला. आमचे काम आम्ही बाळंतपणे करून करून शिकलो आहोत आणि हा गृहस्थ मात्र अवजारे घेऊन फक्त अडलेल्या बाळंतपणाला येतो, असा त्यांचा मुद्दा होता. डॉक्टरांचा बेत फसला.

याच डॉक्टरांचा मुलगा ह्यू १६७० मध्ये घराण्याचे गुपित विकायला पॅरिसला गेला. तिथल्या मॉरिसो या नामवंत प्रसूतितज्ज्ञाने त्याच्यापुढे मुडदूस झालेली, कटीचे हाड अरुंद असलेली एक बाई ठेवली. काही मिनिटांत मोकळी करतो म्हणून ह्यूने दार लावून घेतले. तीन तास झटूनही त्याला ते जमले नाही आणि ती बाई मेली. पुढे १६७२ मध्ये ह्यूने त्याच मॉरिसोच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले. प्रस्तावनेत त्याने कबूल केले की आमच्या घराकडे अडलेले बाळ काढण्याची एक रीत आहे. पण वडील आणि भाऊ त्याच धंद्यावर जगतात, त्यामुळे ती उघड केली तर त्यांचे नुकसान होईल.

हा कबुलीजबाब आपण नीट वाचला पाहिजे. शंभराहून अधिक वर्षे हे साधन एका घराच्या पेटीत राहिले. तेवढ्या काळात युरोपभर किती बायका आणि बाळे गेली असतील याची मोजदाद कोणी करणार नाही. चेंबरलेन घराण्याची चौथी पिढी, धाकटा ह्यू, १७२८ मध्ये वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे स्मारक आहे. पाचच वर्षांनी, १७३३ मध्ये, एडमंड चॅपमन याने अशा चिमट्याची माहिती छापून टाकली. मग विल्यम स्मेली आणि इतरांनी त्यात सुधारणा केल्या. चेंबरलेन घराण्याचे मूळ चिमटे १८१३ मध्ये इसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घरात फरशीच्या फळ्यांखाली एका पेटीत सापडले.

आता सांगा, या घराण्यात चार पिढ्या काय वाहत होते? रक्त वाहत होते की पेटीची किल्ली हातोहात जात होती?

दुसरे घर : हातात ज्ञान, नावावर विटाळ

आता आपल्या गावात या. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत सुईणीचे काम मांगवाड्यातल्या आणि महारवाड्यातल्या बायकांकडे होते. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे ते जायचे. पोट चाचपून बाळ आडवे आहे की उभे ते ओळखणे, कळा खऱ्या की खोट्या ते सांगणे, नाळ कापणे, वार पडली की नाही ते पाहणे, बाळंतिणीला शेकणे, बाळाला न्हाऊ घालणे हे सगळे तिला येत असे. वस्त्यांमध्ये काम करताना अजूनही एखादी म्हातारी आजी भेटते. ती आपल्या हाताखाली जन्मलेली गावातली माणसे बोटांवर मोजून दाखवते. त्यात पाटलाचा नातूही असतो.

हेही घराणेच होते. इथेही तीन-चार पिढ्यांचा अनुभव होता. मग त्याला कोणी 'वैद्यकी घराणे' का म्हटले नाही? कारण ब्राह्मणी व्यवस्थेने या कामाची किंमत ज्ञानात केली नाही, विटाळात केली. बाळंतपणाचे रक्त, नाळ आणि वार अपवित्र ठरले, म्हणून ते हाताळणारी जात अपवित्र ठरली. आणि जात अपवित्र ठरली म्हणून ते काम तिच्याच गळ्यात बांधले. ज्या हातांनी बाळ बाहेर काढले त्या हातांचे पाणी त्या घरात चालत नव्हते. सुपात धान्य, चोळीचा खण, नारळ एवढा तिचा मेहनताना. अंगणातून दिलेला.

बाबासाहेबांनी 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन'मध्ये सांगितले की जात ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे आणि तीही एकावर एक रचलेली. सुईणीच्या उदाहरणात ते स्वच्छ दिसते. काम तेच, पिढ्या तितक्याच. पण लंडनच्या घराण्याला ॲबीत स्मारक मिळाले आणि आमच्या आजीला अंगणाबाहेरची पायरी. म्हणजे 'पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा' ही गोष्ट आपोआप प्रतिष्ठा देत नाही. कुणाचा वारसा प्रतिष्ठेचा आणि कुणाचा विटाळाचा, हे समाजाची सत्ता ठरवते.

सुईणीचे काम निर्दोष होते असे म्हणण्याचे कारण नाही. अस्वच्छ पात्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होऊन बाळे गेली आहेत. पण मग शिकलेल्या डॉक्टरांचाही इतिहास सांगितला पाहिजे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस या डॉक्टरला दिसले की सुइणींच्या कक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात बाळंतिणी जास्त मरतात. कारण डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला येत होते. हात धुवा, एवढेच तो म्हणाला, आणि त्याच्याच व्यवसायातल्या मोठ्या लोकांनी त्याला उडवून लावले. अज्ञान दोन्हीकडे होते. डॉक्टरांना सुधारण्यासाठी विद्यापीठ मिळाले, सुईणीला मिळाला फक्त दोष.

ही दुसऱ्यांना मोकळे करणारी बाई स्वतः कशी बाळंत होत होती? त्याचा दाखला आपल्याकडे लेखी आहे. जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात तिने विचारले आहे की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसते, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात, आणि बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा आणायचा कुठून? साधारण चौदा वर्षांची ती मुलगी. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न जातीच्या अंगाने इतक्या लवकर आणि इतक्या थेट मांडणारे लिखाण शोधायचे तर आधी तिच्याकडेच जावे लागते.

वैद्यकी आधी हलकी, मग उंच

इथे काही जण म्हणतील की वैद्यकी ही उच्चवर्णीयांचीच परंपरा होती. त्यांनी मनुस्मृती उघडावी. चौथ्या अध्यायात वैद्याच्या घरचे अन्न पुवासारखे मानले आहे. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला बोलावू नये अशांच्या यादीत वैद्य आहे. दहाव्या अध्यायात चिकित्सेचे काम अंबष्ठ या 'संकर' ठरवलेल्या जातीकडे दिले आहे. रोग्याच्या देहाला, रक्ताला, पुवाला हात लावणारा माणूस शास्त्राला पवित्र वाटत नव्हता.

मग इंग्रजांची मेडिकल कॉलेजे आली. १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले ती घटना क्रांती म्हणून गाजली, कारण उच्च जातीच्या माणसाने प्रेताला हात लावला होता. गावात प्रेताला आणि मेलेल्या जनावराला हात लावण्याचे काम शतकानुशतके कोणाकडे होते हे या वाचकांना सांगायला नको. त्यांची कधी क्रांती झाली नाही. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. डॉक्टरकीला पगार, पदवी आणि मान मिळाला, आणि ज्यांच्या शास्त्राने वैद्याचे अन्न निषिद्ध ठरवले होते त्यांना ती अचानक आपल्या रक्तात सापडली. देहाला हात लावण्याचा मानाचा भाग वर गेला. उरलेला भाग, म्हणजे भांडे, बोळे, रक्ताचे कपडे, शवागार, तो होता तिथेच राहिला.

तिसरे घर : रक्ताशिवाय उभे राहिलेले घराणे

आता पुण्याच्या घराकडे या. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीमाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी, त्यातही ब्राह्मण विधवांनी, यावे, गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे अशी जाहीर पत्रके त्यांनी पुण्यात लावली. जोतिरावांच्याच नोंदीप्रमाणे १८८४ पर्यंत अशा पस्तीस बायका तिथे आल्या. त्यांतली बरीच बाळे वाचली नाहीत. गर्भ पाडण्यासाठी आधी दिलेल्या विषारी औषधांनी त्यांची हानी झालेली होती.

इथे एक फरक ध्यानात घ्या. गुप्तता चेंबरलेनच्या घरातही होती आणि फुल्यांच्या घरातही. तिथे दार बंद होत होते ते साधन लपवण्यासाठी, घराण्याची कमाई टिकावी म्हणून. इथे दार बंद होत होते ते बाईला झाकण्यासाठी, आणि पत्रक मात्र भर रस्त्यावर लावलेले होते. तिथे बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी होती. इथे समाजाच्या नजरेपासून तिला आडोसा होता.

१८७४ मध्ये काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा या घरी आली. तिचे बाळंतपण सावित्रीमाईंनी केले. तो मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत. ज्या समाजाने त्याच्या आईला जगू दिले नसते, त्या समाजात एका माळी जोडप्याने त्याला आपले नाव दिले.

जोतिरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र केले त्यात यशवंताला वारस नेमले. पण अट घातली. मुलगा शिकला नाही, उनाड निघाला, तर सत्यशोधक मंडळींच्या संमतीने शूद्रांतला दुसरा लायक मुलगा निवडावा आणि वारसा त्याला द्यावा. मित्रांनो, हे मृत्युपत्र प्रत्येक डॉक्टरच्या घरात फ्रेम करून लावण्यासारखे आहे. पोटच्या मुलाला नालायक असूनही गादी देणारा हा देश आहे. त्यात जोतिराव म्हणतात की वारसा गुणाने सिद्ध करावा लागेल, आणि गुण तपासायचा तर ज्यांना आजवर संधी मिळाली नाही त्यांच्यातही शोधावा लागेल. 'मेरिट' हा शब्द आज आपल्या तोंडावर फेकणाऱ्यांनी मेरिटची ही व्याख्या वाचलेली नाही.

यशवंत शिकला आणि डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा आणला होता. गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधत होते. लोक घाबरून रोगी लपवत होते. अशा वेळी सावित्रीमाईंनी लष्करात नोकरीला असलेल्या यशवंताला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर मायलेकांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. मुलगा उपचार करत होता. सहासष्ट वर्षांची आई रोग्यांना आणत होती, त्यांची सुश्रूषा करत होती. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच तिने त्याला उचलून दवाखान्यात आणले. त्यातच तिला लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी ती गेली.

शाळेच्या पुस्तकांतली सावित्रीमाई शेणगोळे झेलून शाळेत जाते आणि तिथेच थांबते. तिचे मरण मात्र परिचारिकेचे मरण आहे, कर्तव्यावर आलेले. आणि ती गेली ती महारवाड्यातले पोर उचलताना. स्पर्शाच्या भीतीवर हा देश उभा होता. एकीकडे प्लेगची भीती, दुसरीकडे विटाळाची. दोन्ही भीती तिने एकाच वेळी उचलून पाठीवर घेतल्या.

आता या घराण्याची वंशावळ मांडून पाहा. जन्म देणारी ब्राह्मण विधवा, बाळंतपण करणारी आणि वाढवणारी माळी आई, डॉक्टर झालेला मुलगा, आणि शेवटचा रोगी महार. चौघांत रक्ताचे नाते फक्त काशीबाई आणि यशवंत यांचे, आणि तेच समाजाने तोडलेले. तरी महाराष्ट्राच्या इतिहासात वैद्यकीच्या वारशाचे याहून मोठे घर मला दिसत नाही. बौद्ध म्हणून आणखी एक आठवण होते. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. राजगृहातल्या गणिकेच्या पोटी जन्मलेला, उकिरड्यावर टाकलेला, अभय राजपुत्राने उचलून वाढवलेला. तो तक्षशिलेला सात वर्षे शिकला आणि बुद्धाचा वैद्य झाला. आपल्या परंपरेतल्या थोर वैद्याला सांगण्यासारखे कुळ नव्हतेच.

बाबासाहेब आणि किल्लीचा प्रश्न

१९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीची व्याख्या केली : जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग. एकाने दार लावून घेतले आणि मग इतरांनीही लावून घेतले. चेंबरलेनची पेटी हा दार लावलेला वर्ग होता. पण त्या दाराला धर्माचे कुलूप नव्हते, म्हणून घराणे संपताच साधन बाहेर आले आणि सगळ्यांचे झाले. आपल्याकडे कुलूप माणसांवरच होते. वर्ग आणि जात यांतला फरक विचारणाऱ्या तरुणांना मी हेच उदाहरण देतो.

आणि बाबासाहेब व्याख्येपाशी थांबले नाहीत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. ज्या बापाने पाचपैकी चार लेकरे गमावली, त्याने उभ्या देशाच्या बाळंतिणींसाठी कायदा मागितला. मुक्ता साळवेने १८५५ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले ते पहिल्या काही कायदेशीर उत्तरांपैकी एक होते.

आजचे इस्पितळ

आज कुठल्याही मोठ्या इस्पितळात उभे राहा. वर डॉक्टर, खाली नर्स, तिच्या खाली आया आणि वॉर्डबॉय, सगळ्यात खाली सफाई कामगार आणि शवागारातला माणूस. आडनावे वाचत खाली या. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे शिकवायला वेगळा वर्ग लागणार नाही. गावात सुईणीची जागा आशाताईने घेतली. २००५ पासून ही योजना चालू आहे. ती गरोदर बाईची नोंद करते, रात्री-अपरात्री तिला दवाखान्यात नेते. पण तिला पगार नाही, 'मोबदला' आहे. सुपातले धान्य बँक खात्यात आले, एवढाच बदल.

आणि 'राखीव जागांनी वैद्यकी बुडाली' हा आरोप? वैद्यकीय प्रवेशाचा अखिल भारतीय कोटा १९८६ मध्ये आला. त्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळाले २००७ मध्ये, आणि ओबीसींना २०२१-२२ पासून. मधली वर्षे मोजा. पैसे भरून मिळणाऱ्या व्यवस्थापन आणि एनआरआय कोट्यातल्या जागांवर मात्र मेरिटवाले कधी मोर्चा काढत नाहीत. बापाचे इस्पितळ, आईची ओळख, इंग्रजी घर, क्लासची फी, वार्डात पहिल्या दिवशी कुणाला नमस्कार करायचा याची माहिती, या सगळ्याला समाजशास्त्र भांडवल म्हणते. पेटीची किल्ली ती हीच.

डॉ. पायल तडवी तिच्या आदिवासी मुस्लिम कुटुंबातली डॉक्टरकीपर्यंत पोहोचलेली मुलगी होती. नायर इस्पितळात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेताना २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या आईने केला आणि खटला उभा राहिला. निकाल न्यायालय देईल. पण ती ज्या विषयात शिकत होती तो विषय पाहा : प्रसूती. ज्या कामाला आमच्या आज्यांच्या हातात विटाळ म्हटले, त्याच कामाची पदवी घ्यायला गेलेल्या मुलीला तिथे जगता आले नाही.

आपण काय करायचे

आता आपल्यातही दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे डॉक्टर आहेत, नर्सेस तर त्याहून जुन्या आहेत. त्यांच्या मुलांनी डॉक्टर होऊ नये असे कोणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे की आपण चेंबरलेनचे घर बांधणार की फुल्यांचे?

फुल्यांचे बांधायचे असेल तर कामे ठरलेली आहेत. आपल्या प्रत्येक डॉक्टरने आणि नर्सने दर वर्षी वस्तीतल्या किमान एका अनोळखी मुलाला प्रवेशाच्या अर्जापासून पहिल्या वार्डापर्यंत सोबत करावी. फॉर्म, शिष्यवृत्ती, वसतिगृह, रॅगिंगची तक्रार कुठे करायची, हे सगळे 'घरातले' ज्ञान उघडे करावे. नर्स, आया, सफाई कामगार आणि आशाताई यांच्या लढ्यात डॉक्टरांनी उभे राहावे. आपली आई त्यांच्यातली होती हे विसरू नये. आणि ज्या आज्या सुईणीचे काम करत होत्या त्यांच्याजवळ जाऊन बसा, मोबाईलवर त्यांचे बोलणे नोंदवून ठेवा. त्यांच्या पिढीनंतर हे सांगायला कोणी उरणार नाही, आणि मग वैद्यकीच्या इतिहासात आपण फक्त रोगी आणि झाडूवाले म्हणूनच दिसू.

यापुढे कोणी "डॉक्टरकी रक्तात असावी लागते" म्हणाले तर गप्प बसू नका. त्याला विचारा, कोणाच्या रक्तात? सावित्रीमाई आणि यशवंताच्या रक्ताचे नाते नव्हते. आणि तुमच्या आजोबांची नाळ कोणी कापली होती, तेही एकदा घरी विचारून या.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!